गोळी पोटात थांबते ती कशी?

आमच्या घरातील वडीलधाऱ्या काकूंना डॉक्टरांनी मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची सावकाश विरघळणारी गोळी लिहून दिली. गोळी मोठी, घशाखाली उतरेना. काकूंनी अडकित्त्याने तिचे तुकडे केले, ते खलात कुटले आणि सकाळी अनशापोटी घेतले. ‘‘शेवटी जायचे ते पोटातच ना?’’ हा त्यांचा युक्तिवाद. दोनच दिवसांत मळमळ व जुलाब यांनी त्या हैराण झाल्या. तेव्हा कोठे त्या गोळीच्या घडणीची चौकशी करणे आम्हांस भाग पडले.

औषध पोटात गेले म्हणजे अंगी लागले, असे नव्हे. मेटफॉर्मिनचे शोषण मुख्यत्वे लहान आतड्याच्या वरच्या भागात होते. तेथून पुढे ते फारच थोडे होते. कंपवातावरील लेव्होडोपाचीही हीच अडचण. म्हणून असे औषध जठरात थोपवून थोडे थोडे खाली सोडणे हिताचे. परंतु जठर त्याला थांबू देईल तर ना! पोट रिकामे असताना साधारण दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची जोरदार लाट येते आणि उरलेसुरले सारे पुढे लोटते. ही निसर्गाची झाडलोटच होय. भरल्या पोटी मात्र ती थांबलेली असते आणि जठराचे निर्गमद्वार बारीक झालेले अन्नच प्रामुख्याने पुढे जाऊ देते.

या झाडलोटीतून निभावण्यासाठी औषधनिर्मात्यांनी नाना युक्त्या योजल्या आहेत. काही गोळ्या भिजलेल्या सब्जाच्या बीप्रमाणे फुगून बुळबुळीत होतात. त्या थरातून औषध हळूहळू पाझरते. काहींत खाण्याचा सोडा असतो; जठरातील आम्लाने त्याचे बुडबुडे होतात, ते चिकट थरात अडकतात आणि गोळी तरंगत राहते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली, घडी घालून कॅप्सूलमध्ये बसणारी व जठरात छत्रीसारखी उघडणारी चांदणी प्रसिद्धीस आणली. डुकरांच्या जठरात ती दोन आठवड्यांपर्यंत औषध सोडीत राहिली.

काकूंची गोळी फुगणाऱ्या जातीची. खलाने तिची सारी घडण मोडली, आणि तासन्‌तास पुरवून द्यावयाचे औषध एकदम मोकळे झाले. डॉक्टरांनी ती अखंड व रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावयास सांगितली होती, त्यामागील कारण हेच.

वेष्टनावर औषधाच्या नावापुढे ‘एक्सआर’, ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ अशी अक्षरे असली, तर ती गोळी डॉक्टरांस विचारल्याखेरीज मोडू, चावू वा कुटू नये. अशी प्रत्येक गोळी जठरात थांबणारी नसते, पण सावकाश सुटणे हा तिचा धर्म असतो. कधी शौचात तिचे रिकामे कवच दिसते. औषध वाया गेले असे समजून दुसरी गोळी घेऊ नये. गोळी गिळवत नसेल, तर तसे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. पातळ औषधाची सोय पुष्कळदा होऊ शकते.

काकूंचा अडकित्ता आता पुन्हा सुपारीच्याच कामी लागला आहे.