पेगन भूतकाळाचे चित्रण आणि ऐतिहासिक प्रामाण्याचा प्रश्न

इतिहासाच्या कलात्मक चित्रणासंबंधीचे वाद बहुधा 'हे खरे की खोटे' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतात. हा प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही, हे स्वीडिश चित्रकार कार्ल लार्सन (१८५३-१९१९) याच्या 'मिडविंटरब्लूट', म्हणजे 'मध्यहिवाळ्यातील बळी', या चित्राच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

स्टॉकहोमच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या भिंतीसाठी योजिलेले, सुमारे साडेतेरा मीटर लांबीचे हे चित्र १९१५ मध्ये पूर्ण झाले. समोरच्या भिंतीवर लार्सनचेच, राजा गुस्ताव वासाच्या १५२३ मधील स्टॉकहोमप्रवेशाचे चित्र होते. नव्या चित्रात दुष्काळ निवारण्यासाठी उप्सालाच्या मंदिरापुढे स्वतःचा बळी देण्यास सिद्ध झालेला राजा डोमाल्डे दिसतो. समीक्षकांनी त्यातील कालविपर्यासावर बोट ठेवले. चित्रातील 'लूर' ही काशाची वक्र शिंगे कांस्ययुगातील आहेत. मंदिर मात्र अकराव्या शतकातील वर्णनावर आधारलेले आहे. दोहोंमध्ये दीड हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. अखेर संग्रहालयाने चित्र नाकारले.

आक्षेप तपशिलापुरता बिनतोड होता. तथापि ज्या आधारांवर चित्र पारखले जात होते, त्यांचे स्वरूप काय होते? सुवर्णमंडित मंदिराचे वर्णन करणारा ब्रेमेनचा आडाम हा ख्रिस्ती धर्मगुरू. सुमारे १०७५ मध्ये त्याने लिहिले ते इतरांच्या सांगण्यावरून. डोमाल्डेची कथा सांगणारा स्नोरी स्टुर्लुसन आइसलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने लिहीत होता. शिवाय त्याच्या कथेत राजाचा बळी हिवाळ्यात नव्हे, तर शरद ऋतूत दिला जातो. उप्सालाच्या उत्खननांतूनही त्या मंदिराचे निर्विवाद अवशेष हाती आलेले नाहीत. पेगन समाजाने स्वतःविषयी विस्तृत ग्रंथ लिहिले नाहीत. 'पेगन' हे नावही त्यास इतरांनीच दिले. म्हणजे लार्सनच्या आधी आडाम आणि स्नोरी यांनीही आपापल्या श्रद्धेच्या भिंगातून हा भूतकाळ रचलेला होता.

यावरून सर्वच चित्रणे सारखीच काल्पनिक, असा निष्कर्ष काढणे मात्र घातक ठरेल. यॅम्टलंड प्रांतातील फ्रॉस्यो येथील चर्चच्या वेदीखाली १९८४ मध्ये बर्च वृक्षाच्या बुंध्याभोवती पशूंची हाडे सापडली. त्यामुळे बळीच्या प्रथेस भौतिक आधार मिळतो. राजाच्या बळीस मिळत नाही. साधनांची ही प्रतवारी नाकारली की अभ्यासाची जागा अभिमान घेतो. नाझी राजवटीत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या 'आनेनएर्बे' या संस्थेने प्राचीन जर्मानिक वारसा वंशश्रेष्ठत्वाच्या सेवेस कसा जुंपला, हे सर्वज्ञात आहे.

तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवावयास हवेत. कलाकृती भूतकाळाचा कोणता अर्थ लावते, हा एक; आणि कोणती संस्था त्या अर्थावर अधिकृततेची मुद्रा उमटवते, हा दुसरा. लार्सनला कालविपर्यासाचे स्वातंत्र्य होते. राष्ट्राच्या उगमकथेला भिंत देणाऱ्या संस्थेवर मात्र ती भिंत काय सांगते, याची जबाबदारी होती. १९८७ मध्ये जपानी संग्राहकाकडे गेलेले हे चित्र १९९७ मध्ये परत विकत घेऊन त्याच भिंतीवर लावण्यात आले. हा लार्सनच्या इतिहासाचा विजय मानणे चुकीचे होईल. आज ते चित्र उप्सालाविषयी फारसे काही सिद्ध करीत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनला आपला भूतकाळ कसा हवा होता, याचा मात्र ते अस्सल पुरावा आहे.

मराठीतील ऐतिहासिक कादंबरीच्या समीक्षेलाही हा भेद उपयोगी पडावा. तपशिलातील चुका दाखविणे हे समीक्षेचे कर्तव्यच होय. परंतु त्या चुकांमधून लेखकाचा काळ काय बोलतो, हे न वाचता थांबणारी समीक्षा अर्ध्यावरच थांबते. आणि चुका दाखविल्या म्हणून कलाकृतीच नाहीशी करू पाहणारी वृत्ती तर तो पुरावाच नष्ट करते.