दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यासाचे टेबल



गेल्या वर्षी नववीच्या वह्या तपासताना एका मुलीच्या वहीपाशी मी थांबले. वर्गात लिहिलेले अक्षर सरळ आणि घरी लिहिलेले घसरलेले. मराठीच्या वहीत ओळी उजवीकडे खाली उतरत होत्या, उर्दूच्या वहीत डावीकडे. मुलगी हुशार, पण गृहपाठ नेहमी अर्धा. मधल्या सुट्टीत विचारले तेव्हा ती म्हणाली, "टीचर, घरी पोटावर झोपून लिहिते."

"बसून का लिहीत नाहीस?"

"बसायला जागा असते. वही ठेवायला नसते."

आमची शाळा भिवंडीतल्या यंत्रमागाच्या वस्तीत आहे. तिचे घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली आणि राहणारी माणसे सात. अब्बा रात्रपाळी करून आलेले असतात, म्हणून दिवसा झोपतात. एका भिंतीला अम्मीच्या जहेजमध्ये आलेला दिवाण, दुसऱ्या भिंतीला लोखंडी कपाट. उरलेल्या जागेतच दस्तरख्वान अंथरायचे, तिथेच नमाज पढायची आणि रात्री तिथेच गाद्या घालायच्या. मी सहज म्हणाले, "एखादे छोटे टेबल घ्या तिला." तिची अम्मी हसली. "टीचर, टेबल आणीन हो, पण ठेवू कुठे? रात्री ते दिवाणावर झोपवू आणि आम्ही उभे राहू का?"

मला उत्तर सुचले नाही. परतताना लक्षात आले की त्या घराला वजनाला हलके, काम झाले की मिटवून कपाटामागे सरकवता येईल आणि खिशाला परवडेल असे काहीतरी हवे आहे. वाटेत एका दुकानाबाहेर रिकाम्या खोक्यांचा ढीग दिसला. भिवंडीत गोदामे किती आहेत हे आपण जाणताच. आमच्याकडे खोक्यांचा तुटवडा कधीच नसतो.

पुठ्ठ्याचे फर्निचर म्हटले की आपल्याला खेळणे वाटते. पण 2021 साली टोकियोत झालेल्या ऑलिम्पिकमध्ये खेळाडू पुठ्ठ्याच्याच पलंगांवर झोपले. असे सुमारे 18,000 पलंग होते आणि प्रत्येकाची क्षमता 200 किलो सांगितली होती. पलंग कच्चे असल्याची अफवा उठली, तेव्हा आयर्लंडच्या एका जिम्नॅस्टने पलंगावर उड्या मारून त्याचा व्हिडिओच जगाला दाखवला. पलंग मोडला नाही. आपल्याकडेही 2020 च्या कोरोनाकाळात दिल्लीच्या छतरपूरमध्ये मोठे कोविड केंद्र उभे राहिले, तेव्हा तिथे पुठ्ठ्याचे पलंग वापरले गेले. ते हलके होते, पटकन जोडता येत होते आणि काम संपल्यावर लगद्याला पाठवता येत होते.

जपानचे वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी तर कागदाच्या जाड नळ्यांपासून घरे उभारली. 1995 च्या कोबे भूकंपानंतर बेघर झालेल्यांसाठी त्यांनी ती बांधली आणि 2001 च्या भूकंपानंतर आपल्या भुजमध्येही बांधली. 2014 साली त्यांना वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "टीचर, तशा नळ्या आमच्याकडे रोज येतात, कापडाचा तागा गुंडाळायला!" खरेच होते. आमची मुले ज्या नळीची तलवार करून खेळतात, तिच्यासारख्याच नळ्यांवर कुणीतरी घर उभे केले होते.

कागदात ही ताकद कुठून येते? खोक्याचा पुठ्ठा कडेने पाहा. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक लाटेसारखा कागद चिकटवलेला दिसेल. या लाटा उभ्या ठेवल्या तर प्रत्येक लाट छोट्या खांबासारखी वजन पेलते. आडव्या ठेवल्या तर त्याच लाटा दाबाखाली चपट्या होतात. तीन थरांचा पुठ्ठा साध्या खोक्याला चालतो. फर्निचरला पाच किंवा सात थरांचा घ्यावा, म्हणजे मिक्सर, पंखा, टीव्ही यांच्या खोक्यांचा.

हे मी आज शहाणपणाने सांगते आहे, पण पहिल्यांदा माझीच फजिती झाली. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मोठ्या उत्साहाने टेबल केले. मी त्यावर वह्यांचा गठ्ठा ठेवला आणि टेबल नमाजातल्या रुकूसारखे पुढे वाकले. वर्ग हसला, मीही हसले. पाहिले तर पायांतल्या लाटा आडव्या होत्या. ती चूक मुलांनीच शोधून काढली, आणि त्या दिवशीचा विज्ञानाचा धडा कुणीही विसरलेले नाही.

दुसऱ्यांदा केलेले टेबल टिकले. त्याची रीत अशी:

मांडी घालून बसणाऱ्या मुलासाठी वरची फळी 26 इंच लांब आणि 18 इंच रुंद घ्यावी. पुठ्ठ्याचे तीन तुकडे एकावर एक चिकटवावेत. मात्र एकाच्या लाटा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, तिसऱ्याच्या पुन्हा उभ्या असाव्यात. प्लायवूड असेच करतात. लाकडाला लावायचा पांढरा गोंद पातळ पसरावा आणि वर जड पेट्या ठेवून रात्रभर वाळू द्यावे. गोंद ओला असताना घाई केली तर फळी कायमची वाकते.

पायांसाठी तीन पट्ट्या करायच्या, दोन बाजूंना आणि एक मागे. पुढची बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे गुडघे आत जातात. पट्ट्यांची उंची 11 इंच. प्रत्येक पट्टी दोन थर चिकटवून करावी आणि लाटा उभ्याच ठेवाव्यात. मागची पट्टी 24 इंच लांब, बाजूच्या 16 इंच. आता खाचा. बाजूच्या पट्ट्यांना मागच्या टोकापासून तीन इंचांवर, वरून खाली अर्ध्या उंचीपर्यंत खाच कापायची. मागच्या पट्टीला दोन्ही टोकांपासून दीड-दीड इंचावर, खालून वर अर्ध्या उंचीपर्यंत. खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच असावी. सैल झाली तर टेबल डुलते. पट्ट्या एकमेकींत अडकवल्या की चौकट उभी राहते आणि वर फळी ठेवायची. आपल्या घरातली रेहल आठवा. तिलाही खिळा नसतो. एकमेकांत गुंतलेल्या दोन फळ्या उघडल्या की कुरआन शरीफचा भार घेतात, मिटल्या की कोनाड्यात मावतात. हेही त्याच जातीचे काम आहे.

कापण्याचे काम मोठ्यांनीच करावे, कटर मुलांच्या हाती देऊ नये. कडांना कागदी टेप लावावी. वरून साधा खाकी कागद चिकटवावा. वर्तमानपत्र लावण्याचा मोह होतो, पण आपल्या उर्दू वर्तमानपत्रात कुठे आयत, कुठे अल्लाहचे नाव छापलेले असते. त्याची बेअदबी होऊ नये म्हणून कोरा कागदच बरा.

आता या वस्तूच्या मर्यादाही सांगते. पाणी हा पुठ्ठ्याचा पहिला शत्रू. आमच्या मुलीचे पहिले टेबल जुलैत भिंतीच्या ओलीने मऊ पडले, दुसरे करावे लागले. पावसाळ्यात ते भिंतीपासून दूर, दिवाणाखाली विटेवर किंवा जाड प्लास्टिकवर ठेवावे. दुसरा शत्रू आग. गॅसच्या शेगडीजवळ किंवा अगरबत्तीखाली ते नको. झुरळे आणि वाळवी येते का, हे आठवड्याला पाहावे. या टेबलावर कुणी बसू नये, बाळाला तर नाहीच नाही. ते वही, पुस्तक आणि कोपराचा भार घेण्यासाठी आहे. वर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवू नये, कारण मग तो पुठ्ठा रद्दीतही नीट जात नाही. तसा न चिकटवला तर वर्ष-दीड वर्षाने टेबल थकले की रद्दीवाल्याला द्यावे. कागदाचे तंतू पाच-सात वेळा तरी पुन्हा कागद होऊ शकतात.

बाजारात पुठ्ठ्याच्या तयार खुर्च्या आणि कपाटेही मिळतात. सुंदर असतात, पण स्वस्त असतातच असे नाही. आपली गरज त्याशिवायही भागते. सुमारे दहा वर्षांपूर्वी 'आरंभ' या संस्थेने फेकलेल्या खोक्यांपासून असे दप्तर तयार केले होते, जे उघडले की जमिनीवर बसणाऱ्या मुलांचे डेस्क होई. आपल्या महाराष्ट्रातल्या शाळांतल्या मुलांसाठीच ते होते.

या टेबलावर सर्वांत मोठी हरकत पावसाने नव्हे, तर मुलीच्या फुफीने घेतली. "पुठ्ठ्यावर शिकवता पोरीला? लोक काय म्हणतील?" त्याच फुफीने मागच्या वर्षी लेकीच्या जहेजसाठी कर्ज काढून डबल बेड आणि तीन दारांचे कपाट दिले. सासरची खोलीही दहा बाय बाराचीच. कपाट आत गेले नाही. आज ते जिन्याखाली उभे आहे, त्यात शेजाऱ्यांची भांडी असतात आणि हप्ते अजून चालू आहेत. मी फुफींना दुखवू इच्छित नाही, त्यांनी प्रेमानेच दिले. पण लोकांसाठी घेतलेली वस्तू घरातल्या माणसांची जागा खाते, आणि इस्राफ आपल्या दीनने नापसंत केला आहे, एवढे तरी आपण मोजमाप घेताना आठवावे.

आणि कागदाची लाज आपण का बाळगावी? दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुस्लिम कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या चिंध्यांपासून हातकागद बनवला. पुण्याच्या कसबा पेठेतला कागदीपुरा त्याच हुनराच्या नावाने ओळखला जातो. काश्मीरच्या कारागिरांनी कागदाच्या लगद्याचे कलमदान जगभर पोहोचवले. टाकाऊ चिंधीतून इल्मचे साधन घडवणाऱ्यांचे आपण वारस आहोत.

ती मुलगी आता दहावीत आहे, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. घर तेवढेच आहे, माणसे सातच आहेत. पण मगरिबनंतर दिवाणाखालून टेबल निघते, आणि तिचा धाकटा भाऊ आता त्यावर वाटा मागतो. मागच्या आठवड्यात तिच्या निबंधाची वही तपासली. शेवटच्या पानापर्यंत ओळी सरळ होत्या. निकालाचे अल्लाह जाणे, तिने गृहपाठ मात्र पूर्ण केला होता.

या महिन्यात तुमच्या घरी एखादे मोठे खोके आले, तर फेकण्याआधी घरातल्या मुलांना एकच प्रश्न विचारा: "बेटा, तू लिहायला कुठे बसतोस?"

अल्लाह हाफिज.