स्टॅनच्या बायकोला नाव का नाही?

‘घरातलं घरात ठेवा, चळवळीच्या चव्हाट्यावर आणू नका’ असं बजावणारे कार्यकर्ते आपल्यात ढिगानं आहेत. मोर्चात पुढं, स्टेजवर पुढं, घराच्या उंबऱ्याशी आले की तोंडाला कुलूप. या सगळ्यांना धरून आणून एक सिनेमा दाखवला पाहिजे. आपल्या वस्तीचा नव्हे. लॉस एंजेलिसमधल्या वॉट्सचा, काळ्यांच्या वस्तीचा. नाव ‘किलर ऑफ शीप’. मेंढरं मारणारा.

वॉट्स म्हणजे तेच, जे ऑगस्ट १९६५ मध्ये पेटलं आणि ज्यात ३४ माणसं मेली. पुढच्याच वर्षी ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ ला मुंबईत आपली. आगीच्या गोष्टी आपल्याला पाठ आहेत. आग विझल्यावर त्या घरांत माणसं कशी जगली, हे कोणी विचारत नाही. चार्ल्स बर्नेटनं ते विचारलं. हा गडी १९४४ चा, मिसिसिपीत जन्मलेला, वॉट्समध्ये वाढलेला. विद्यापीठाच्या पदवीसाठी प्रबंध म्हणून त्यानं हा सिनेमा केला. सुट्टीच्या दिवशी शूटिंग, काळापांढरा फिल्मचा रोल, वस्तीतलीच माणसं नि पोरं, खर्च दहा हजार डॉलरच्या आत. १९७८ ला तो पहिल्यांदा दाखवला. १९८१ ला बर्लिनमध्ये समीक्षकांचं बक्षीस मिळालं. १९९० ला अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयानं राष्ट्राचा ठेवा म्हणून त्याची नोंद केली. थेटरात मात्र तो लागला २००७ ला! कारण काय, तर सिनेमात वाजणाऱ्या गाण्यांचे हक्क. ती गाणी काळ्यांच्याच गळ्यातली, पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन. ती वाजवायची परवानगी घ्यायला दीड लाख डॉलर लागले. म्हंजे सिनेमा करायला लागले त्याच्या पंधरा पटीहून जास्त. आपलं गाणं आपल्यालाच विकत घ्यावं लागतं, हे काय नुसतं आपल्याकडंच चालतं असं समजू नका.

गोष्ट म्हणाल तर काहीच नाही. स्टॅन कत्तलखान्यात मेंढरं मारतो, रक्त धुतो, घरी येतो. झोप लागत नाही. त्यांच्याकडं म्हणे झोप येत नसली की मनात मेंढरं मोजतात. हा दिवसभर मारतो, रात्री मोजणार काय? बायको रात्री जवळ येते. दोघं खिडकीपाशी गाण्यावर नाचतात, हळूहळू, एकमेकांना धरून. गाणं संपतं. तो तिचा हात सोडवून निघून जातो, ती तिथंच उभी राहते. बस. भांडण नाही, शिवी नाही, मार नाही. पण बघताना घशात हाडूक अडकल्यासारखं होतं, कारण त्या खोलीत नेमकं काय मेलंय ते आपल्याला कळतं.

तो पडद्यावरचा नेहमीचा बदमाश काळा नवरा नाही. दारूत बुडालेला नाही, बायकोवर हात टाकत नाही, घर सोडून पळत नाही. कोणीतरी गरीब म्हटलेलं त्याला सहन होत नाही. म्हणतो, गरीब असतो तर जुन्या वस्तू धर्मादायाला दिल्या असत्या काय. पगाराच्या पैशातून मित्राबरोबर जुनं इंजिन विकत घेतो, दोघं घाम गाळत जिन्यावरून खाली आणतात, गाडीच्या कडेला ठेवतात. गाडी हलते, इंजिन खाली, फुटून बाद. दोघं बघतात आणि निघून जातात. मजुराची कमाई कशी जाते हे सांगायला अर्थशास्त्राचे चार खंड लागत नाहीत.

आणि पोरगा आईला खेड्यातल्या बोलीत हाक मारतो तेव्हा हाच थकलेला बाप त्याच्यावर उसळतो. तू आता गावात नाहीस! गड्यांनो, ‘आये’ म्हटल्यावर पोराला ‘आई म्हण’ म्हणून दरडावणारे बाप आपण चाळीचाळीत बघितलेत. त्या दरडावण्यात गावकुसाबाहेरची किती भीती असते, ती दाखवायला बर्नेटला एक वाक्य पुरलं.

आता मुद्द्याचं. १९६५ मध्येच अमेरिकेच्या कामगार खात्यातल्या मॉयनिहन नावाच्या साहेबानं सरकारला अहवाल दिला. काळ्यांची कुटुंबंच मोडकी, बाप घरात नाही, बाई वरचढ, सगळा गुंता त्या घरातच, असा त्याचा सूर. (हाच माणूस पुढं १९७३ ते १९७५ दिल्लीत अमेरिकेचा राजदूत होता.) ही भाषा आपल्या ओळखीची आहे. ‘हे लोक पितात, बायकांना मारतात, पोरांना शिकवत नाहीत, मग पुढं कसे येणार?’ पांढरपेशांच्या दिवाणखान्यात आजही हेच ऐकू येतं. शतकानुशतकं ज्यांच्या मानेवर बसले त्यांच्याच घरात डोकावून म्हणायचं, बघा कसा पसारा पडलाय.

स्टॅनच्या घरात बाप आहे. रोज कामाला जातो, रोज घरी येतो. तरी घर कोरडं पडलंय. मग मॉयनिहन, आता बोल! कत्तलखान्यातलं काम माणसाचं अंगच नव्हे तर मायासुद्धा चावून खातं, हे तुझ्या अहवालात कुठं होतं?

पण या बामणी नजरेच्या भीतीनं आपण दुसरं टोक गाठलं. घरातलं काही बोलायचंच नाही. बोललं तर त्यांच्या हाती कोलीत. आपल्यातले काही मित्र या सिनेमाबद्दल म्हणतात, यात लढा कुठाय? पोलीस नाही, घोषणा नाही, गोरा खलनायक नाही. ‘फँड्री’च्या शेवटी जब्यानं दगड तरी मारला होता, हा शेवटपर्यंत मेंढरंच मारतोय. खरंय. दगड मारला पाहिजे. पण २०१३ च्या त्या दगडाआधी कचरू मानेचा वाकलेला कणा आपण दीड तास बघतो, तो बघितला नसता तर दगड पोकळ गेला असता. बर्नेटनं तो कणाच दाखवलाय. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं तेव्हा ते नुसतं खाण्याबद्दल बोलत नव्हते. कामाची घाण माणसाच्या आत कुठवर शिरते ते त्यांना ठाऊक होतं.

तरी बर्नेटलाही सोडायचं कारण नाही. त्या बाईला नाव नाही. नामावळीत नुसतं ‘स्टॅनची बायको’. ती भांड्याच्या झाकणात तोंड बघून नटते, नवरा येणार म्हणून. दोघं गुंड स्टॅनला खुनात सामील करायला येतात तेव्हा दारात उभी राहून तीच त्यांना फटकारते, मर्दपणा मुठीत असतो का डोक्यात, म्हणून. अख्ख्या सिनेमात सगळ्यात धडधडीत राजकीय बोलणं तिचं, आणि तिलाच नाव नाही. आपल्या सभांच्या अहवालात ‘महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ असतं, तसंच.

१९८४ च्या ‘ब्लेस देअर लिटल हार्ट्स’ मध्ये हे थोडं भरून निघालं. दिग्दर्शक बिली वुडबेरी, लेखन आणि कॅमेरा बर्नेटचाच. बायको तीच नटी, केसी मूर. इथं तिला नाव आहे, अँडाइस. नवरा बेकार, ही राबते आणि तो बाहेर दुसरीकडं गुंतलेला. मग एक भांडण. एकाच शॉटमध्ये, सुमारे दहा मिनिटं, स्वैपाकघरात. कॅमेरा हलायला तयार नाही नि ती थांबायला तयार नाही. ती थकली आहे, हे ती ओरडून सांगते. काम असलं तरी घर मोडतं, काम नसलं तरी मोडतं. दोन्ही वेळा सांधायचं बाईनंच.

बाबासाहेब जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत हेच सांगत होते. समाज किती पुढं गेला ते त्याच्या बायका किती पुढं गेल्या त्यावरून मोजतो, बायकोनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहावं, दासी व्हायला नकार द्यावा, असा त्यांच्या भाषणाचा आशय. तरीही फलटणच्या बेबी कांबळेंना दुकानात बसून लिहिलेलं वर्षानुवर्षं नवऱ्याच्या नजरेआड ठेवावं लागलं. ‘जिणं आमुचं’ पुस्तक होऊन आलं १९८६ ला. लपवलं कुणापासून? गावच्या पाटलापासून नव्हे.

म्हणून हा सिनेमा वस्तीत दाखवा. समाजमंदिरात पांढरी चादर टांगली तरी चालेल. संवाद मराठीत मोठ्यानं सांगायला एक पोरगी उभी करा. बायांना मागं दाराशी कोंबू नका, पुढं बसवा. पोरं त्या रात्री बाप्यांनी सांभाळायची, चहाही त्यांनीच करायचा. आणि सिनेमा संपल्यावर कुठल्याही नेत्यानं माईक धरायचा नाही. आधी बायका बोलतील. नाव सांगून.