दार किती उघडले, पाणी किती आले

एरंडोलजवळच्या अंजनी धरणासारख्या मध्यम प्रकल्पावर पाटाचे दार तेवढेच उघडले तरी पाणी दरवेळी तेवढेच सुटत नाही. दारामागची पाण्याची उंची चौपट झाली तर विसर्ग जेमतेम दुप्पट होतो. शिवाय दाराचे चाक उलटे फिरवले की त्याच्या आट्यांतल्या ढिलाईमुळे पहिला थोडा फेरा रिकामाच जातो. अशा प्रणालीला अरेषीय म्हणतात.

तिचे प्रतिमान बांधायचे तर ठरवून चाचणी-संकेत द्यावा लागतो. दार एकदम चार बोटे उचलून पाटाच्या शेपटाकडच्या मोजपट्टीवर नजर ठेवली की पाणी किती उशिरा पोचते ते कळते; पण ते त्या एका उघडीपुरतेच. दार यदृच्छेने दोनच पातळ्यांवर खालीवर करणे रेषीय प्रणालीला उत्तम. इथे मात्र ते फसते, कारण दोन बिंदूंतून सरळ रेषाच निघते, वक्र दिसत नाही. म्हणून पातळ्या अनेक हव्यात.

आधी वक्र, मग विलंब अशी फोड करणाऱ्या प्रतिमानाला हॅमरस्टाइनचे नाव आहे. ते ओळखण्याची पुनरावृत्तीची रीत नरेंद्र आणि गॅलमन यांनी 1966 मध्ये मांडली.

खरी अडचण गणिताची नाही. पाणी कमी दिसताच पाटकरी दार वाढवतो, आणि नोंदीत कारण-परिणाम मिसळतात. त्यामुळे चाचणी आवर्तनातच, पण पाटकऱ्याला आधी सांगून, छोट्या पायऱ्यांनी घेतात. प्रतिमान तपासायला मात्र ते बांधताना न वापरलेल्या दिवसांच्या नोंदी ठेवतात.