सायकलस्वार आणि बागाईतदार

नाशिकाहून गंगापूर, गिरणारे या मार्गानें वाघेऱ्याच्या घाटाकडे जाणारी वाट सायकलस्वारांस प्रिय झाली आहे. प्रथम द्राक्षांचे मळे, पुढें रानाचे डोंगर, आणि हमरस्त्याची वर्दळ नाहीं. २०१५ सालीं अमेरिका आडवी पार करण्याची सायकल-शर्यत दोघांच्या जोडीनें पुरी करणारे महाजन बंधु नाशिकचेच होत.

कित्येक बागाईतदार या मंडळींस रिकामटेकडे समजतात. आमचें मत निराळें आहे. जानेवारी ते मार्च या तोडणीच्या दिवसांत आपला माल याच सडकांनीं बाहेर पडतो. खड्ड्यांत गाडी आदळली कीं मणी गळतात, घडाची किंमत उतरते. द्राक्षाच्या क्रेटास आणि सायकलीस, दोघांसही गुळगुळीत सडक लागते. रुंद सडक लागत नाहीं. रुंदीबरोबर भरधाव मोटारी येतात, बांधालगतची जमीन जाते, जुनीं झाडें पडतात.

आपलेंही कांहीं कर्तव्य आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनीं सडकेवर आलेला चिखल खोऱ्यानें ओढून टाकावा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या दाट होतात; कडेच्या ओळींत काम चालू असतां सायकलस्वार दिसल्यास यंत्र क्षणभर थांबवावें. पाहुण्यांनींही न विचारतां घडास हात लावूं नये. फवारणीनंतर ठराविक दिवस लोटल्याखेरीज तो खाण्याजोगा नसतो.

सडकेचा प्रश्न ग्रामसभेपुढें आल्यास सभासदांनीं दुरुस्ती आग्रहानें मागावी. रुंदी मागण्यापूर्वीं मात्र दहादां विचार करावा, इतकीच आमची विनंति आहे.