विश्लेषण : पक्षांना वर्दी हवी, मग प्रश्न का नकोत?

शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरून नेतृत्वावर जाहीर टीका करत भंडारा-गोंदियाचे तत्कालीन भाजप खासदार नाना पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला. पक्षात राहून प्रश्न विचारणे किती अवघड असते, हे जिल्ह्याने तेव्हा जवळून पाहिले. माजी नौदलप्रमुख अॅडमिरल एल. रामदास यांचा अनुभवही तेच सांगतो.

कोण होते रामदास?

मुंबईत जन्मलेल्या रामदास यांनी १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस बियास’चे नेतृत्व केले, वीरचक्र मिळवले. १९९० ते १९९३ या काळात ते नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर अलिबागजवळ स्थायिक झाले.

राजकारणात काय घडले?

निवडणूक न लढवता ते आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल झाले. २०१५ मध्ये दिल्लीतील विजयानंतर त्यांनी पत्र लिहून विचारले, मुख्यमंत्रिपद आणि पक्षाचे संयोजकपद एकाच व्यक्तीकडे असावे का? मार्चअखेर त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

मतदारांनी काय पाहावे?

पहारेकऱ्याला पक्षच नेमणार आणि पक्षच काढणार असेल, तर पहारा नावापुरताच उरतो. म्हणून मंचावरच्या वर्दीने भारावून जाण्याआधी एवढेच विचारावे : या पक्षात ‘नाही’ म्हणणाऱ्याला जागा आहे का?