पैनगंगेच्या अलीकडचे कैकाडी

‘जे खरोखर मागास होते ते केव्हाच यादीत गेले. बाहेर उरलेत ते उशिरा जागे झालेले हौशी लोक,’ असा निकाल एका विद्वानांनी परवा देऊन टाकला. यादी म्हणजे काय धर्मशाळा आहे, असेही वर विचारले.

त्यांनी एकदा कळमनुरीहून इसापूर धरणाकडे जाऊन यावे. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. तिथला कैकाडी अनुसूचित जातीत. अलीकडे हिंगोली, इथला कैकाडी विमुक्त जातीत. टोपल्या-कणग्या त्याच, बोली तीच, सोयरिकीही एकमेकांतच. पुसदकडची लेक कळमनुरीत नांदायला आली की आई अनुसूचित आणि पोरं बापाच्या जातीने विमुक्त! मागासलेपण मोजूनच यादी झाली असेल, तर नदी ओलांडताना ते नेमके कुठे सांडते?

ते सांडत नाही. 1950 साली याद्या राज्यागणिक झाल्या तेव्हा यवतमाळ मध्य प्रदेशात होते आणि हिंगोली हैदराबाद राज्यात. 1956 साली दोन्ही मुलूख मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्र झाला. 1976 साली संसदेने अशा कितीतरी प्रादेशिक अटी काढून टाकल्या. कैकाड्यांची अट शाबूत राहिली. राज्य गेले, निजाम गेला, सीमा मात्र दाखल्यावर जिवंत आहे. आणि हा फरक नुसत्या आरक्षणाच्या टक्क्यांचा नाही. 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा नदीच्या पलीकडच्याला संरक्षण देतो, अलीकडच्याला नाही. शिवी तीच असते, मारही तोच असतो.

दाखला काढायला कोणी अडवले, हा विद्वानांचा दुसरा प्रश्न. विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. आजोबांचे पाल त्या वर्षी कोणाच्या शिवारात होते? जमीन नाही म्हणून खासरा पाहणीत नाव नाही, शाळा नाही म्हणून दाखल-खारीजमध्ये नाही.

‘भटके एका जागी टिकतच नाहीत’ हा तर जुनाच शेरा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजी मुलखात त्यांच्या हजेऱ्या घेतल्या, तेव्हा सरकारला ते बरोबर सापडत होते.

विमुक्त-भटक्यांसाठीच्या इदाते आयोगाला देशात अडीचशेहून अधिक जमाती कोणत्याच यादीत नसलेल्या आढळल्या. त्या सगळ्याच हौशी काय?

करायचे ते थोडे आहे. अनुसूचित जातींच्या यादीतला कैकाड्यांपुढचा जिल्ह्यांचा कंस संसदेने पुसावा. ते काम राज्य सरकारच्या हातचे नाही. कागद नसेल तिथे गृहचौकशी हाच पुरावा धरावा. कंस पुसल्याने अनुसूचित जातींच्या हिश्शात वाटेकरी वाढतील, ही तक्रार मात्र रास्त आहे. हिस्सा त्या प्रमाणात वाढवावा लागेल. विद्वान लगेच 50 टक्क्यांची मर्यादा पुढे करतील. करोत, त्यावर जरूर भांडू.